यजमान प्रतिसाद देत नाहीत

काही वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. ‘आमची सेवा आपणास कशी वाटली?’ एवढाच प्रश्न आणि खाली पाच पोकळ तारे. माझी वेबसाइट ज्या कंपनीच्या संगणकांवर राहते, त्या कंपनीचं पत्र. मी उत्तर दिलं नाही. खरं लिहिलं तर तिकडच्या कुणाला तरी वाईट वाटेल, खोटं लिहिलं तर मला वाटेल. आणि तारे रंगवण्यापूर्वी इतका विचार करणारा माणूस शेवटी काहीच रंगवत नाही.

वेबसाइट म्हणजे मोठं प्रकरण नाही. दर रविवारी सकाळी मी तिच्यावर एक लेख टाकतो. वाचक एक, माझी थोरली बहीण. तिची दृष्टी गेल्यापासून तिचा फोन तिला लेख वाचून दाखवतो. तो माझ्यापेक्षा बरा वाचतो, अडखळत नाही, असं ताईचं मत आहे. एरवी बोलताना आम्ही भावंडं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही. जे काही सांगायचं, ते लेखात.

त्या रविवारी साइट उघडेना. थोड्या वेळाने हिच्या फोनवर संदेश आला. सूनबाईने खातं काढताना सासूचा नंबर दिला होता, कारण माझ्या फोनचा भरवसा नाही, असं ती म्हणाली होती. तिला ‘फोनचा’ म्हणायचं नसावं. कंपनीने आपल्या ‘होस्ट’चं, म्हणजे साइट ठेवणाऱ्या संगणकाचं, मराठीकरण केलं होतं. हिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आपले यजमान प्रतिसाद देत नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"अहो, हे कळायला कंपनी कशाला हवी होती?" ही म्हणाली. खाली आणखी एक ओळ होती: यजमान बदलायचे असल्यास दोन दाबा. हिने दाबलं नाही. पण फोन खाली ठेवायला जरा जास्तच वेळ घेतला.

मी मदत केंद्राला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक यंत्र बराच वेळ सांगत राहिलं. मला कुणी इतक्यांदा महत्त्वाचा म्हटलं नव्हतं. मी ऐकत राहिलो. मग एक तरुण आवाज आला. त्रास दिल्याबद्दल मी आधी त्याची माफी मागितली. त्याने संगणक बंद करून सुरू करायला लावला आणि विचारलं की अडचण माझ्या बाजूने असू शकेल का. जन्मभर माझा हाच समज आहे. मी लगेच हो म्हणालो. त्याने ‘ग्राहकास चूक मान्य’ अशी नोंद केली आणि तक्रार निकाली काढली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. साइटच्या जागी कंपनीची तीच पाटी लागली होती आणि तिच्या फोनने ती भावपूर्ण वाचून दाखवली होती.

"अरे, आजचा लेख नेमका उतरलाय," ताई म्हणाली. "यजमान प्रतिसाद देत नाहीत. माझे तर कधीचेच देत नाहीत, तुझ्या बायकोचे निदान घरात आहेत. तीनदा ऐकला. पण पुढचा भाग कधी टाकतोस? एवढ्याशावर माझा रविवार सरत नाही रे."

टाकतो, म्हणालो आणि पुन्हा मदत केंद्र गाठलं. आवाज तोच होता. नवी तक्रार घेता येणार नाही, कारण माझा जुना अभिप्राय थकलेला आहे, असं त्याने नम्रपणे कळवलं. मागची सेवा कशी वाटली हे कळल्याशिवाय पुढची कशी द्यायची? तर्कात खोट काढता येईना. बरं, तीन तारे देतो, मी म्हणालो.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "काका, तीन नका देऊ. पाचाच्या खाली गेलं की चौकशी लागते. चौकशी संपेपर्यंत साइट बंद ठेवावी लागते."

"ती बंदच आहे."

"हो, पण मग ती नियमाने बंद राहील."

मी पत्र उघडलं आणि पाचही तारे भरले. खाली ‘आपल्या शब्दांत सांगा’ अशी चौकट होती. ती रिकामी चालत नव्हती. मी लिहिलं: सेवा अवर्णनीय आहे. या कंपनीने माझ्या घरच्या माणसांना माझ्याविषयी विचार करायला लावलं.

लिहिताना आठवलं की ही कंपनी मी निवडली ती अशाच अभिप्रायांवरून. किती कळवळून लिहिलं होतं लोकांनी, सगळ्यांचे पाच तारे. तेव्हा मला वाटलं होतं, ही समाधानी माणसं आहेत. आज समजलं, प्रत्येकाची कुठेतरी एकेक ताई खोळंबली असणार.

उद्या तुम्ही कंपनी शोधायला बसाल आणि तारे मोजाल, तेव्हा सर्वांत वर माझाच मजकूर असेल. भाषा साधी आहे, माणूस वयस्कर आणि प्रामाणिक वाटतो. तुम्ही विश्वास ठेवालच. शुद्धलेखन दोनदा तपासून मी ‘पाठवा’ दाबलं.