टेप गळ्यात घातलेला आरोपी

"मला पत्त्याची गरजच नाही! एकदा नीट सांगा, खिडकी कशी आहे. खिडकी दिसली की घर सापडलंच म्हणून समजा!"

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पडदेवाला हे छाती फुगवून सांगायचा. त्याची बायको सोडून सगळ्यांचा यावर विश्वास होता आणि तिथंच घोटाळा झाला.

एका दंतवैद्याने त्याला पडद्यांची मापं घ्यायला बोलावलं. "तीन झडपांची हिरवी खिडकी आहे. दार उघडंच असेल, सरळ आत या," डॉक्टर फोनवर म्हणाले. पडदेवाला गेला. हिरवी खिडकी दिसली, दार उघडं होतं, गडी सरळ आत शिरला. स्टूल हुडकलं, बाहेरच्या खोलीतले जुने पडदे उतरवून घडी घालून ठेवले आणि शीळ घालत बेडरूममध्ये गेला. तिथं स्टुलावर चढून टेप ताणतोय, तोच मागून आवाज आला, "कोण आहे रे?"

"झोपा, झोपा!" पडदेवाला मागे वळूनही न बघता म्हणाला. "माझं एवढं झालं की जातो!"

पलंगावर उठून बसल्या होत्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांचं घर शेजारी! त्या ओळीतल्या झाडून सगळ्या घरांना एकाच सुताराने एकसारख्या खिडक्या बसवल्या होत्या. बाई शांतपणे बाहेर गेल्या, दाराला कडी घातली आणि पोलिसांना फोन केला.

परवानगीशिवाय परक्या घरात शिरल्याची केस उभी राहिली. पडदेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, घाबरताय काय?" वकील म्हणाले. "असल्या केसेस बहुतेक आपसातच मिटतात. तुम्ही माफी मागायची, बाईंनी 'माझी तक्रार नाही' म्हणायचं, कोर्ट समज देऊन सोडून देतं."

"आणि बाई नाही म्हणाल्या तर?"

"तर मग चूक कबूल करून दंड भरायचा. नाहीतर लढायचं, पण मग तारखा पडत राहतात. तुरुंगबिरुंग काही नाही हो, शक्यतो!"

पडदेवाल्याला त्या सगळ्या भाषणातलं फक्त 'शक्यतो' ऐकू आलं.

पण खरी भीती तुरुंगाची नव्हतीच. त्याचा धंदाच मुळी लोकांच्या घरात शिरण्याचा! कोर्टाने एकदा गुन्हेगार ठरवलं, की त्याला बेडरूमपर्यंत कोण सोडणार? उंबऱ्याबाहेर उभं राहून काय अंदाजाने पडदे शिवायचे? त्याला घास गिळेना. झोपेत तो "आत येऊ का?" असं ओरडून उठायला लागला.

बायकोने मात्र कोर्टाच्या दिवशी सकाळी एक पिशवी भरून दारात ठेवली. दोन शर्ट, टॉवेल, टूथब्रश.

"अगं, हे काय?"

"असू द्या. वकील शक्यतो म्हणालेत ना!"

कोर्टाच्या व्हरांड्यात समोरच्याच बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या, पाठ अगदी ताठ. वकील त्यांच्याशी बोलून हात हलवत परत आले.

"बाई ऐकत नाहीत. म्हणतात, मापं घेणं हे सोंग होतं. चोरी करण्याआधी घर बघून ठेवायला आला होता. तुमचा हेतू वाईट नव्हता हे त्यांना पटलं तर सुटलो! मी पुन्हा बोलून बघतो. तुम्ही इथं बसा. जागचं हलू नका!"

पडदेवाला बसला. नजर कुठंतरी अडकवावी म्हणून त्याने मान वळवली, तर शेजारचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक मोठी खिडकी होती आणि तिच्यावरचा पडदा दोनच हुकांना कसाबसा लोंबकळत होता. एका बाजूला ऊन थेट टेबलावर येत होतं. त्याने नजर काढून घेतली. पुन्हा गेली. त्याने मनात देवाचं नाव घेतलं. पडदा लोंबकळतच होता!

'दोन हुक तर अडकवायचेत,' त्याने स्वतःला बजावलं, 'कुणाला कळतंय?'

"अरे ए! खाली उतर!" शिपायाच्या आरोळीने सगळा व्हरांडा दारात जमा झाला. न्यायाधीशांच्या खोलीत, न्यायाधीशांच्या खुर्चीवर, बूट काढून पडदेवाला उभा होता. गळ्यात टेप, तोंडात हुक. गर्दीतून वाट काढत खुद्द न्यायाधीश आत आले.

"कोण तुम्ही?"

पडदेवाल्याने हुक तोंडातून काढला. "साहेब, मी... परवानगीशिवाय घरात शिरल्याच्या केसमधला आरोपी."

वकिलांनी भिंतीला डोकं टेकवलं. पडदेवाल्याला वाटलं, संपलं सगळं! दुकान, अब्रू, सगळं! त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गर्दीतून हसू फुटलं. हसत होत्या त्या मुख्याध्यापिका!

"साहेब, अस्साच उभा होता माझ्या घरी!" त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटलं, चोर आहे. चोर कसला, हा तर खुळा आहे! माझी काही तक्रार नाही. फक्त माझे पडदे परत लावून द्यायला सांगा. दुपारी डोळ्यांवर ऊन येतं."

मग सगळं वकिलांनी सांगितल्याप्रमाणे झालं. पडदेवाल्याने हात जोडून माफी मागितली, तडजोड कागदावर आली, दोघांनी सह्या केल्या. "यापुढे विचारल्याशिवाय कुठेही आत पाऊल टाकायचं नाही," न्यायाधीशांनी समज दिली. "माझ्या खोलीत तर मुळीच नाही!"

पडदेवाला तरंगतच घरी आला. "सुटलो! डाग नाही, दंड नाही! आता आधी बाईंचे पडदे लावून येतो. माझी टेप दे बघू!"

"टेप तुमच्या गळ्यात होती ना?" बायको म्हणाली.

पडदेवाल्याने गळा चाचपला. खिसे चाचपले. मग त्याला न्यायाधीशांच्या खुर्चीचा हात आठवला, खाली उतरताना त्यावर काढून ठेवलेली टेप आठवली आणि तो मटकन खाली बसला.

नुकतीच रिकामी केलेली पिशवी बायकोने पुन्हा भरायला घेतली.