साहेबांच्या सत्काराची शाल

"पान? पानाची नक्षी विणू? गावात एका झाडाला पान दाव आधी, मंग बोल!"

गोदाकाकू ओरडल्या आणि आमच्या महिला विणकाम संस्थेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट कपिलधारच्या देवळावर जाऊन बसली. मी संस्थेचा कारकून आणि काकूंचा शेजारी. त्यामुळे माझा एक कान कचेरीत गेला, दुसरा घरी.

दुष्काळाचं तिसरं साल. वार्षिक सभेला साखर कारखान्याचे अध्यक्ष यायचे होते. सत्काराला बाजारची शाल नको, काकूंच्या हातची जाळीची द्यायची, असं ठरलं. काकूंनी लोकर डाळिंबाच्या सालीत स्वतः रंगवायला घेतली. निम्मी झाली, हळदीसारखी पिवळीधम्मक, आणि घरातलं पाणी संपलं. टँकरचा पत्ता नाही. तेवढ्यात सामाईक भिंतीवरून एक भरला हंडा अलगद पुढे आला.

पलीकडे काकूंची थोरली जाऊ, भामाबाई. एका खलबत्त्याच्या वाटणीवरून दोघी बारा वर्षं बोलत नव्हत्या. पाणी निघालं गंजक्या पिंपातलं. त्या लोखंडानं उरलेली लोकर राखाडी झाली. मग काय, काकू आठ दिवस भिंतीला शिव्या देत होत्या.

"माझा रंग नासला! दोन दिवसाचं सगळं पाणी वतलं थोरलीनं, आता सोता काय पिती? कुणी सांगितलं हुतं तिला?"

दुसऱ्यांदा रंगवायला पाणी कुठलं? लोकर एकाच शालीपुरती, तीही दुरंगी. तिला शोभेल अशी नक्षी सापडेना. कुणी मोरपीस सुचवलं. "मोर टँकरमागं पळून गेले!" कुणी लाटा म्हणालं, तर काकूंनी सुई अशी भिरकावली की कॅलेंडरातला अख्खा जून फाटला.

मी दबकत म्हणालो, "काकू, साहेब कारखान्याचे. उसाच्या पेरांची घ्या."

"ऊस! गावाचं पाणी उसानं पिलं, आन् त्योच खांद्यावर मिरवायचा? का रं कारकुना, डोस्कं उन्हात वाळत घातलंस का?"

सात नमुने विणले, सातही उसवले. लोकरीपेक्षा काकूच जास्त पिंजारल्या. सभेच्या आदल्या दिवशी दार लावून बसल्या, ते एकच विणून उठल्या: एक ओळ पिवळी, एक ओळ राखाडी, मधे बारीक जाळी. ना पान, ना फूल.

सभेत साहेब मान झुकवून उभे राहिले. काकूंनी पिशवीतून बाजारची शाल काढून त्यांच्यावर टाकली, नारळ हातात कोंबला आणि तरातरा शेवटच्या रांगेत गेल्या. जाळीची शाल भामाबाईंच्या अंगावर पांघरली, खांद्यावर ओढून नीट केली.

"सरक," म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

वर पत्रा तव्यासारखा तापला होता. मी वाकून म्हणालो, "भामाबाई, लई उकडत असंल. काढून घडी करून देऊ का?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.