सुंठीचा लेप आणि रंभाची अर्धशिशी

डोकं दुखण्याचे प्रकार दोनच, असं किन्हवलीच्या वाल्मिकचं ठाम मत होतं. एक पित्ताचं, दुसरं कामचुकारपणाचं! भातसानगरला धरणावर नोकरीला असलेला हा गृहस्थ तिथल्या निम्म्या लोकांच्या कपाळाला बाम चोळून आला होता. बायको रंभा मात्र त्याच्या हाती लागत नव्हती. तिचं डोकं उठलं की ती दार लावून गप पडून राही.

त्या वर्षी ऐन कापणीत ते उठलं.

"अवं, उजवीच बाजू ठणकते. उजेड नको वाटतो. मळमळतंय."

"पित्त! थांब, आता बघच!"

वाल्मिकने पाट्यावर सुंठ वाटली. जोर यावा म्हणून वर मूठभर मिरी घातली. तो लेप रंभाच्या कपाळावर भिंत लिंपावी तसा थापला आणि वरून टॉवेल करकचून आवळला. घाम आला, लेप ओघळला, थेट डोळ्यात! रंभा अशी किंचाळली की शेतातले बगळे उडाले.

शेजारच्या ताराबाई धावत आल्या. बघतात तर अंधारी खोली, रंभाचं डोकं बांधलेलं, डोळा सुजून लालभडक, आणि समोर वरवंटा घेतलेला वाल्मिक!

"मेल्या, वरवंट्यानं मारलंस बायकोला?"

ही आरोळी शेतापर्यंत गेली. धसईहून कापणीला आलेला रंभाचा भाऊ लडकू हातातल्या विळ्यासकट दारात हजर!

"दाजी! माझ्या बहिणीला मारलंस?"

"अरे, सुंठ हाय ती!"

"सुंठीनं मारलंस?"

रंभाने उघड्या डोळ्याने दोघांकडे पाहिलं. "भांडायचं तर भांडा," ती कण्हली, "पण हळू भांडा रे. डोकं दुखतंय माझं."

मग जीप करून सगळे शहापूरला. डॉक्टरीणबाईंनी आधी डोळा धुतला, मग रंभाचं सगळं ऐकून घेतलं. इतकी वर्षं कुणी ऐकलंच नव्हतं. बोलताना तिला रडू आलं.

"ही अर्धशिशी," बाई म्हणाल्या. "पित्त नाही आणि आळस तर मुळीच नाही. वेळेवर जेवायचं, पुरेशी झोप घ्यायची. दुखायला लागलं की लगेच ही गोळी, आणि अंधारात पडायचं. वारंवार व्हायला लागलं तर रोजचं वेगळं औषध देता येतं. पण कधी अचानक, पूर्वी कधीच नव्हतं असं भयंकर दुखलं, किंवा तापाबरोबर मान आखडली, तर घरी थांबू नका."

लडकूने वाल्मिककडे बघितलं. वाल्मिक घसा खाकरून म्हणाला, "बाई, माझंपण रोज दुखतं. पण मी दुकानातल्या दोन गोळ्या घेतो ना रोज सकाळी!"

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली."

"मग त्या गोळ्यांमुळेच रोज दुखतंय. बंद करा. सुरुवातीला जास्त दुखेल, मग सुटका होईल."

लडकू इतका हसला की कंपाउंडर आत डोकावला.

गोळ्या बंद केल्या आणि त्याच आठवड्यात वाल्मिक आडवा झाला. कापणी अर्धी राहिलेली आणि हा घोंगडीत! बाहेर रंभा भांडी घासत होती.

"रंभा, हळू गो! कानात घण पडतायत!"

तिने भांडी परसात नेली. मग आत येऊन खिडकीवर लुगडं टाकलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आता कळलं ना, कसं होतं ते?"

"कळलं गो."

"मग झोपा. भात आमी कापतो."

कमरेला विळा खोचून ती निघाली. ताराबाईंनी बांधावरून विचारलं, "काय गो, आज वाल्मिक नाय दिसत?"

"त्यांना बरं नाय," रंभा म्हणाली. "पण उतार पडतोय. काल दुपारी पहिल्यांदा म्हणाले, दुखण्यातलं मला नाय कळत."