अस्वलनानांचं नाव आणि शेजारचं पिठलं

एका जंगलात, मुलांनो, एक घोरपडकाकू राहत असे. स्वभावानं मायाळू. फक्त बातमीला एकदा चिकटली की सुटायची नाही.

एके सकाळी पाणवठ्यावर दोन टिटव्या बोलत होत्या. काकूनं कान लावला.

"अस्वलनाना संपले म्हणे! त्यांच्या जागेवर तरस जाऊन बसलाय, आणि आता तिथं..."

तेवढ्यात वाघोबा पाण्यावर आले. टिटव्या उडाल्या.

उरलेली बातमी काकूनं स्वतःच पुरी केली. मध विकणारे अस्वलनाना तिचे सख्खे शेजारी. "गेले बिचारे," ती म्हणाली आणि घरी येऊन पिठलं टाकलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. पिठलं-भात शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो. वाटेत जो भेटला त्याला तिनं सांगितलं. न सांगून कसं चालेल?

नाना ओट्यावर बसले होते. जिवंत. तोंड मात्र उतरलेलं.

"पिठलं कुणाचं, काकू?"

"तुमचंच. खा गरम आहे तोवर. झालंय काय?"

नानांनी मोबाइलवर आपली वेबसाइट उघडली. वर नाव तेच, 'अस्वलाचा मध'. खाली तरसाचा हसरा फोटो आणि 'शिळं मांस ताजं करून मिळेल'.

"इंटरनेटवरचं नाव कायमचं आपलं नसतं, काकू. मुदत संपायच्या आत पुन्हा नोंदवावं लागतं. माझी संपली. तरस टपूनच होता. हत्तीण लेकीच्या लग्नाला सगळा मध घेणार होती. आता हे मांस बघून फिरकायची नाही. अख्ख्या हंगामाचा मध घरात पडून राहणार."

"आणि आधी कळवत नाहीत होय मेले?"

"कळवलं की! 'मुदत संपत आहे, त्वरित नोंदणी करा.' तुम्हालाच दाखवलं होतं."

काकूला आठवलं. तेव्हा ती ठसक्यात म्हणाली होती, "नाना, 'त्वरित' लिहिलेलं सगळं फसवं असतं. आमच्या पालीनं असलाच निरोप उघडला. शेपटी गेली तिची!" आणि स्वतःच्या नखानं तिनं सगळे निरोप पुसून टाकले होते.

"भातावर तूप घालू?" काकू म्हणाली.

तेवढ्यात लांबून गलका ऐकू आला. सांबर, साळिंदर, माकडांचं अख्खं बिऱ्हाड. प्रत्येकाकडे पिठलं-भात. पुढे हत्तीण, डोळे पुसत.

काकूनं नानांना आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

"नाना गेले, आता असला मध कुठला?" हत्तीण हुंदका देत म्हणाली. "उरलाय तेवढा द्या हो. लग्नात त्यांची आठवण म्हणून वाढीन."

"घ्या बाई," काकूनं पदर डोळ्यांना लावला. "त्यांचीही हीच इच्छा होती."

मध संपला तेव्हा नाना बाहेर आले. दोन माकडं बेशुद्ध पडली. बाकी कुणी फारसं रागावलं नाही. एवढं पिठलं वाया कशाला घालवायचं, म्हणून तिथंच पंगत बसली.

टिटव्यांची बातमी निम्मीच खरी निघाली. नाना जागच्या जागी होते, नाव मात्र तरसाकडेच राहिलं. त्याच्या मांसाला गिऱ्हाईक नाही. दिवसभर सगळे मधच विचारतात. शेवटी वैतागून त्यानं फोटोखाली नानांच्या घरचा पत्ता टाकलाय.

तात्पर्य : मुलांनो, नाव वेळेवर नोंदवा, असं मोठी माणसं सांगतील. तेवढी यातायात नको. आपण गेल्याची कुणकुण एका चांगल्या शेजारणीच्या कानावर घालावी, म्हणजे झालं.