चालत्या यंत्रापुढे माणूस

माणूस काम करतो की नाही हे ओळखणे फार अवघड आहे. तो खुर्चीत आहे की नाही हे ओळखायला नुसते डोळे पुरतात. जगातली सगळी कार्यालये या सत्यावर उभी आहेत. जी उभी नव्हती ती केव्हाच बसली.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी आहे. तिचे नाव देत नाही, कारण कंपनीला प्रसिद्धीचा तिटकारा आहे (जाहिरातीचा नाही). या कंपनीने यंदा असे ठरवले की गरजू कर्मचाऱ्यांना घरी बसून ऑफिसातला संगणक चालवता यावा. निर्णय पुरोगामी होता, आणि तो तसा आहे हे कोणाच्या लक्षात येण्याआधीच मंजूर झाला.

गरजूंमध्ये पहिली होती डिस्पॅचची कृष्णवेणी. तिचे वडील राममूर्ती अंबत्तूरच्याच एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ही गोष्ट हल्ली त्यांच्या ध्यानात राहत नसे. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालत, खिशाला पेन लावत आणि अण्णा नगरच्या घरातून कामाला निघत. एकदा ते एग्मोर स्टेशनात सापडले. अंबत्तूरची गाडी इथून सुटत नाही असे एका हमालाने सांगितले, तेव्हा ते त्याच्यावरच ओरडले, कारण वेळ चुकत होती. घरात बाप-लेकींवाचून तिसरे कोणी नव्हते. बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जावे किंवा नोकरी सोडावी, एवढेच तिच्यापुढे उरले होते. कुलूप तिने एकदा लावून पाहिले. संध्याकाळी दार उघडले तर वडील दाराशीच उभे, घामाने भिजलेले, पेन खिशाला तसेच. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

व्यवस्था लावायला पुण्याहून मकरंद नावाचा इंजिनीअर आला. कंपनीचे मालक गुरुमूर्ती, प्रशासन पाहणारे वेंकट आणि कृष्णवेणी ही तंजावरकडची मराठी माणसे. त्यांचे मराठी ऐकून मकरंदला एखादी जुनी पोथी बोलते आहे असे वाटे. मकरंदचे मराठी ऐकून त्यांना ते हिंदी वाटे. तरी त्याने नीट समजावले. ऑफिसात एक सर्व्हर बसेल. घरचा लॅपटॉप आधी या सर्व्हरचे दार वाजवील, सर्व्हर ओळख विचारील, आणि पटली की टेबलावरच्या संगणकाशी गाठ घालून देईल. मग ऑफिसचा पडदा घरी दिसेल, आणि त्यावरचा बाण घरून हलवता येईल.

"फक्त," मकरंद म्हणाला, "इथला पीसी चालू ठेवावा लागेल."

"सरि, बरें. आणि त्याचेपुढें कोण?" वेंकटांनी विचारले.

"कोणीच नाही."

वेंकटांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

इथे कंपनीच्या एका नियमाची ओळख करून देणे भाग आहे. गुरुमूर्तींच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हा एक कामगार लेथ चालू ठेवून चहाला गेला होता. परत येईपर्यंत यंत्रात अडकवलेला तुकडा सुटून भिंतीत रुतला. तेव्हापासून भिंतीवर लाल रंगात लिहिलेले आहे: चालत्या यंत्रापुढे माणूस हवा. नियम शहाणपणाचा आहे. शहाणपणाच्या नियमाची पंचाईत अशी की त्याला कुठे थांबायचे हे कळत नाही.

"अहो, पण संगणक म्हणजे लेथ नाही!" मकरंद म्हणाला.

वेंकटांनी शांतपणे प्रश्न केला. "नवरात्रांत आयुधपूजेला चंदन-कुंकूम कोणाला लावतात?"

"यंत्रांना."

"मग कंप्यूटराला लावत नाहीं काय आम्हीं?"

मकरंदने मनात हिशेब मांडला. चंदन-कुंकू लागते ते यंत्र; संगणकाला ते लागते; सबब संगणक हे यंत्र. (स्टेपलरलाही लागते. पण स्टेपलर आपोआप चालत नाही, म्हणून त्याला तूर्त सूट आहे.) गुरुमूर्तींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दोन्ही मान्य केल्या. घरून काम करणाऱ्याने घरून काम करावे, आणि त्याच्या ऑफिसातल्या खुर्चीत, चालू संगणकापुढे, दुसऱ्या कोणी बसावे.

अशा रीतीने 'उपस्थिती-रक्षक' हे पद जन्माला आले. रक्षकाने खुर्चीत बसायचे, पडद्याकडे पाहायचे, कशालाही हात लावायचा नाही, आणि धूर निघाल्यास उठायचे. प्रथम रिसेप्शनच्या सहानाला कृष्णवेणीच्या खुर्चीत बसवून चाचणी घेतली. चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली, फक्त रिसेप्शनचा फोन दिवसभर वाजत राहिला. मग बाहेरून माणसे घ्यायचे ठरले. पात्रता: काहीही न करण्याचा अनुभव. (कंपनीतच असे अनुभवी पुष्कळ होते, पण ते सगळे वरच्या हुद्द्यावर होते.)

उमेदवार आले आणि गेले. एकाला झोप लागली. एकाने बाण आपोआप हलताना पाहिला आणि देवाचे नाव घेत जिन्यावरून जो उतरला तो बस स्टॉपवरच थांबला. संयुक्ता नावाची मुलगी हुशार निघाली. तिने पडद्यावरची एक चूक पाहून ती सुधारली, म्हणून तिला त्याच दिवशी काढून टाकण्यात आले.

"रक्षक नाहीं, तर ॲक्सेस नाहीं, अम्मा," वेंकट कृष्णवेणीला म्हणाले. त्यांना वाईट वाटत होते. ते वाटून घेऊनच ते म्हणाले. "सोमवारपर्यंत कोण्णी मिळाला नाहीं तर तूंच ये. नाहीं तर… तूंच पाहा."

सोमवारी तिने राजीनामा पर्समध्ये ठेवला. वडिलांना कुलपात ठेवायचे नाही हे ठरलेले होते, म्हणून त्यांना बरोबर घेतले. ऑफिसात आपल्या शेजारी स्टुलावर बसवले, संगणक चालू केला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला ती उठली.

नेमके तेवढ्यात वेंकट फेरीवर आले. कृष्णवेणीची खुर्ची रिकामी होती. संगणक चालू होता. आणि त्याच्यापुढे एक वृद्ध गृहस्थ हात पाठीमागे बांधून, पाय किंचित फाकवून, ताठ उभे होते. पडद्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"कोण हो तुम्हीं?" वेंकटांनी विचारले.

"मशीन चालू आहे," राममूर्ती मान न वळवता म्हणाले. "मागें व्हा."

वेंकटांचे डोळे भरून आले. इतकी वर्षे ते जो नियम लोकांना सांगत आले, तो हाडामांसाचा होऊन त्यांच्यापुढे उभा होता. राममूर्तींची नेमणूक जागच्या जागी झाली.

"पण सार," कृष्णवेणी पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाली, "यांस पाहायाकरितांच तर मला घरीं राहायचें होतें!"

"तें मंजूर आहेच," वेंकट म्हणाले. "कारण चांगलें आहे. वडिलांची देखभाल."

ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी घाई करू नये. वडील ऑफिसात असतील तर मुलीला घरी राहायची गरज नाही, हे खरे. पण मुलगी ऑफिसात आली तर खुर्ची भरते, आणि खुर्ची भरली की रक्षक लागत नाही. रक्षक नको झाला की वडील घरी जातात, आणि वडील घरी गेले की मुलीला घरी राहावे लागते. सबब मुलीने घरीच राहावे. गुरुमूर्तींनी हे कागदावर बाण काढून तपासले आणि कुठेही चूक सापडली नाही. मकरंदने तोंड उघडले होते. पण त्याची परतीची गाडी होती.

आता रोज सकाळी कंपनीची व्हॅन अण्णा नगरला येते. राममूर्ती पेन लावून तयार असतात. ते आनंदात आहेत, हे सांगितलेच पाहिजे. कृष्णवेणीने त्यांना इतके आनंदात कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. हा आनंद ती संध्याकाळी पाहते. दिवसभर ती रिकाम्या घरात वडिलांची देखभाल करण्यासाठी थांबलेली असते. बाण ती इथून हलवते, तिथे ते त्या बाणाकडे पाहत असतात. कंपनीच्या पाहणीत सर्व रक्षक समाधानी आढळले (रक्षक एकच आहे).

परवा जेवताना राममूर्ती म्हणाले, "आमच्या ऑफिसांत एक बाई काम करते. दिसत नाहीं. पण हात बरा आहे तिचा, अस्कें काम वेळेवर. उगी बसत नाहीं क्षणभर." मग हातातला घास त्यांनी परत पानात ठेवला. "कोणाचें लेंकरूं की. तिला घरीं कोण्णी नाहीं काय गे?"

"आहेत, अप्पा," कृष्णवेणी म्हणाली. "ऑफिसला जातात."

तिने त्यांच्या पानात रसम वाढले आणि ती आपले ताट उचलून आत गेली, कारण त्यांच्यासमोर रडायचे नव्हते.

हे संभाषण कंपनीच्या अहवालात नाही. अहवालात एवढेच आहे की व्यवस्था उत्तम चालते आणि संपर्क एकदाही तुटलेला नाही. अंबत्तूरच्या या मंडळींना वाचक खुशाल हसू शकतात, आमची हरकत नाही. फक्त आपल्या वडिलांना आपण पडद्यावाचून शेवटचे कधी पाहिले, हे आधी मनाशी आठवून घ्यावे, आणि मग हसावे.