येसाजी अण्णांचा निकाल

येसाजी अण्णांना कुठल्याही गोष्टीवर निकाल दिल्याशिवाय राहवत नसे. किडकं वांगं दिसलं की भाजीवाल्यासमोर अंगठा खांद्यावरून मागे उडवून ते म्हणत, "औट." चुकलेली बस औट, गार झालेली कॉफी औट. एका लग्नात मुहूर्त टळल्यावर पोचलेल्या नवरदेवाला त्यांनी मांडवाच्या दारातच औट दिलं. मुलीच्या बापालाही ते पटलं होतं, पण त्या बिचाऱ्याला बोलायची सोय नव्हती.

बंगलोरच्या चामराजपेटेत आमच्यापासून दोन घरं पलीकडे ते एकटेच राहत. आमच्याच कॉलेजात व्यायामशिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या कारखान्यात असताना तिथल्या अमेरिकन सैनिकांकडून ते बेसबॉल शिकले, आणि तो खेळ डोक्यात शिरला तो शिरलाच. सगळं बंगलोर क्रिकेट आणि हॉकी खेळत होतं, आणि अण्णा सायकलवरून एकेक कॉलेज पालथं घालत होते. प्रिन्सिपॉल लोक कॉफी पाजून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत. अशी बरीच वर्षं गेल्यावर चार कॉलेजं तयार झाली आणि आंतरकॉलेज स्पर्धा ठरली. नियम पुरते ठाऊक असलेला माणूस गावात एकच, म्हणून पंचही तेच.

आम्ही फायनलला पोचलो. शेवटच्या डावात एका धावेने मागे होतो आणि आमचा एकच गडी बाद व्हायचा उरला होता. मी मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर; तिथून शेवटच्या कोपऱ्यातल्या पाटीला पाय लागला की धाव. चेंडू टोलवला जाताच धावत सुटलो, मातीत घसरत शेवटच्या पाटीला पाय लावला. गुडघा सोलवटून निघाला. पण त्याआधी समोरच्या गड्याच्या हातातला चेंडू माझ्या खांद्याला टेकला होता, म्हणजे मी बाद. ते मला कळलं होतं आणि अण्णांना दिसलं होतं. त्यांचा अंगठा मागे गेला.

पोरं खवळली. पंचाने मुद्दाम आपल्याच कॉलेजला हरवलं, असा अर्ज प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेला. पहिली सही माझी. साहेबांना हा खेळ मुळातच नको होता. त्यांनी बॅटी आणि हातमोजे कुलपात टाकले आणि अण्णांना समोर उभं करून अर्ज सह्यांसकट वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा घरी आले. मी मागच्या दाराने सटकणार, तेवढ्यात आईने हाक मारली. अर्जाचं नावही न काढता त्यांनी खिशातून मलमाची डबी काढली. "स्वल्प पाय इकडे कर, जरासाच," म्हणाले, आणि जमिनीवर बसून माझा गुडघा पुसायला लागले.

"अण्णा, मी औट होतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे रे."

डबीचं झाकण त्यांनी फिरवून घट्ट लावलं. मग म्हणाले, "घरी माझा एक चेंडू आहे. रविवारी सकाळी मैदानावर ये. टाकला की परत टाकायला कुणीतरी लागतं."

मी "सरी अण्णा, येतो" म्हणालो. रविवारी पोरं क्रिकेटला बोलवायला आली आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. परतल्यावर आईने सांगितलं, अण्णा दुपारपर्यंत मैदानावर थांबून विचारायला आले होते. ती काही बोलायच्या आतच म्हणाले, "गुडघा दुखत असेल त्याचा. निजू दे."