याकूबचाचांचं बिननांगराचं रान

याकूबचाचांच्या बांधावर नांगर घेऊन उभे राहिलात, तर ते आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतात आणि मग हाकलून देतात. कुरुंद्यात आमची शेतं लागून आहेत, त्यामुळे दोन्हींचा लाभ मला झाला आहे. कैक वर्षांत त्यांच्या रानाला नांगर लागलेला नव्हता. सोयाबीनचं भुसकट, हळदीचा पाला, सगळं तिथंच पसरलेलं. त्यातच ते बी टोकत. गावानं त्या रानाचं नाव 'चाचांचं अंथरूण' ठेवलं होतं.

त्यांचं म्हणणं असं की माती उलथली की आतलं कुजलेलं हवेला लागतं आणि त्याचा गॅस होऊन आभाळात जातो. पेटवलं तर विचारूच नका. "बराबर हाय का न्हाई?" असं विचारून ते तुम्ही व्हय म्हणेपर्यंत सोडत नसत. बाळापूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवालाही व्हय म्हणायला लावलं; काझीसाहेब तोवर ताटकळले.

यंदा उन्हाळ्यात माझ्या चुलतभावानं, संतोषनं, धुऱ्यावरचं, म्हणजे आमच्या सामाईक बांधावरचं, गवत पेटवलं आणि वारं फिरलं. जाळ चाचांच्या भुसकटात शिरला. लाईट गेलेली, मोटार बंद. उपाय एकच उरला होता: जाळापुढं आडवा नांगर मारून माती उघडी करायची. संतोषनं ट्रॅक्टर आणला, पण बांधावरच थांबला. चाचांना न विचारता त्या रानात नांगर घालायची छाती कुणाची? जाळ पुढं सरकत होता आणि चाचा बांधावर उभे राहून नुसते त्याच्याकडं बघत होते. मी ओरडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "घाल. पर लई खोल नको."

जाळ नांगरलेल्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. अर्धं रान वाचलं.

सगळं पुरतं विझल्यावर संतोष शिव्या खायच्या तयारीनं जवळ गेला. चाचा मात्र गुडघे टेकून उघड्या मातीवर हातानं भुसकट ओढत होते. मी म्हणालो, राहू द्या आता, एवढ्याशा पट्ट्यातून असा किती गॅस जाणार?

"गॅसचं मला मागून कळलं," ते म्हणाले. "तुमच्या चाचीला दमा होता. धुरानं तिला लई तकलीफ व्हायची, म्हणून मी पेटवायचं सोडलं."

चाचींचा दमा आम्हाला माहीत होता. हे नव्हतं.

"ती गेली त्या दिवशी कुणीतरी रान पेटवलं होतं. घरात धूर येऊन राहिला होता." त्यांनी आणखी एक ओंजळ भुसकट मातीवर पसरलं. "कुणी, ते मी इचारलं न्हाई. शेजाऱ्याशी बोलणं तुटलं असतं, तर मग मी बोललो असतो कुणाशी?"

संतोष त्यांच्या शेजारी बसला आणि भुसकट ओढू लागला.